'रेत्रासादो'बद्दल खुलासा
जळगाव-भुसावळकडे स्पॅनिश शिकणाऱ्यांत एक मेसेज फिरतोय: "उशिराला एकच शब्द, रेत्रासादो. माणूस, गाडी, हप्ता, सगळ्याला चालतो." नाही चालत. भुसावळला गाडी लेट असते ना, ते सांगायचं तर 'एल त्रेन येवा रेत्रासो'. मला पोचायला उशीर होतोय? 'येगो तार्दे'. (दुपारलाही 'तार्दे'च म्हणतात, गोंधळू नका.) पण कुणाला 'एरेस रेत्रासादो' म्हणालात तर अर्थ होतो 'तू मतिमंद आहेस'. उशीर झाला म्हणायला गेलात आणि शिवी देऊन बसलात! थकलेला हप्ता 'आत्रासादो'. अर्जाची मुदत हुकली तर 'फुएरा दे प्लासो', म्हणजे मुदतीबाहेर; स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तो 'प्लाथो' ऐकू येईल.