आठशे वॉटही खरे आणि शंभर वॉटही

सप्रेम नमस्कार.

‘मानवी शरीर सतत सुमारे 830 वॉट इतके उष्णतेचे प्रारण बाहेर टाकते’ या माझ्या लेखातल्या वाक्यावरचा आपला आक्षेप मी दोनदा वाचला. दिवसाला 2000 किलोकॅलरी खाणाऱ्या माणसाच्या वाट्याला जेमतेम 97 वॉट येतात, मग बाकीचे आले कुठून, आणि अशा आकड्यांमुळे माणसाभोवती दिसणाऱ्या ‘तेजोवलया’च्या भाकडकथांना बळ मिळते, असे आपण म्हणता. आपला हिशेब अचूक आहे. माझा आकडाही चुकलेला नाही. मात्र त्याची जमेची बाजू मी लिहिलीच नाही, ही चूक माझी.

भौतिकशास्त्रज्ञ स्टेफान यांनी 1879 मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रारण, म्हणजे किरणांच्या रूपात बाहेर पडणारी उष्णता, निरपेक्ष तापमानाच्या (सेल्सिअस अंशांत सुमारे 273 मिळवून येणाऱ्या) चौथ्या घातावर अवलंबून असते. त्वचा 33 अंश सेल्सिअस आणि तिचा पृष्ठभाग 1.7 चौरस मीटर धरला, तर 830 वॉट येतात. पण त्याच वेळी भिंती, जमीन आणि छतही आपल्याकडे प्रारण पाठवत असतात. खोली 20 अंशांची असेल, तर सुमारे 700 वॉट परत मिळतात आणि उघड्या अंगाची निव्वळ घट 130 वॉटच्या आसपास राहते. कपडे घातले की ती आणखी उतरते.

परभणी-नांदेडकडच्या मे महिन्यात हा व्यवहार उलटा फिरतो, आणि लेख लिहिताना माझ्या मनात खरे तर तेच होते. छताचा गंजलेला पत्रा दुपारी 60 अंशांपर्यंत तापला, तर तो दर चौरस मीटरमागे सहाशे वॉटच्या आसपास खाली टाकतो, आणि आपली त्वचा पाचशेच परत देते. पंख्याने हवा हलते, पत्र्याचे प्रारण अडत नाही. हवाही त्वचेहून गरम असली की घाम वाळणे एवढाच मार्ग उरतो. माळवदाच्या, म्हणजे जुन्या सपाट धाब्याच्या, जाड मातीमुळे छताची आतली बाजू इतकी तापत नसे. परंतु 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात त्याच जड माळवदांखाली माणसे गाडली गेली, त्यामुळे हलका पत्रा जवळ करणाऱ्यांना दोष देणे मला अन्यायाचे वाटते. पत्र्याखाली बांबूच्या तट्ट्या बांधून मधे पोकळी ठेवली, तरी तापलेला पत्रा अंगासमोर थेट येत नाही.

तेजोवलयाविषयी आपली काळजी मला पूर्णपणे मान्य आहे. या प्रारणाची तीव्रता साडेनऊ मायक्रोमीटर तरंगलांबीजवळ सर्वाधिक असते, तर डोळ्यांना दिसणारा प्रकाश 0.4 ते 0.7 मायक्रोमीटरचा. म्हणजे ते कोणालाही दिसत नाही, आणि तितकीच कोमट मातीची घागरही जवळजवळ तितकेच प्रारण टाकते. त्वचेच्या गोऱ्या-काळ्या रंगानेही त्यात फरक पडत नाही.

मूळ वाक्याशेजारी भोवतालाकडून परत येणाऱ्या उष्णतेचा हिशेब आज जोडला आहे.