उघडं राहिलेलं चिन्ह परिच्छेदाबाहेर जाऊ देऊ नका

रविवारी उदगीरला पोरांना मराठी विकिपीडियावर लिहायला शिकवलं. अकरावीतल्या एका मुलीनं किल्ल्यावर परिच्छेद लिहिला. ‘उदगीरची लढाई’ ठळक करायला आधीची तीन एकेरी अवतरणचिन्हं टाकली, नंतरची राहून गेली. तिथून परिच्छेद संपेपर्यंत अक्षरं ठळक झाली, खालचा लेख जसाच्या तसा. तिला चूक लगेच दिसली, तिनं दुरुस्त केली.

शेजारच्या पोरानं १७६० सालच्या त्या लढाईवर टीप लिहिताना बारीक अक्षरांचा टॅग, म्हणजे कोनी कंसातली खूण, उघडला आणि बंद करायचा राहिला. खालचं सगळं पान बारीक! पोरगं कीबोर्डवरचा हात काढूनच बसलं. “सर, माझ्यामुळं पान बिघडलं का?” नंतर काही केल्या लिहीना. मला फार वाईट वाटलं.

चूक दोघांची एकच. विकिपीडिया ज्या प्रोग्रामवर चालतो तो मीडियाविकी अवतरणचिन्हांचा हिशेब ओळीपुरता, म्हणजे एंटर दाबेपर्यंतच्या मजकुरापुरता ठेवतो आणि ओळ संपली की उघडं राहिलेलं स्वतःच बंद करतो. टॅगला असा बांध नाही. वेबपानांची भाषा एचटीएमएल ५, तिच्या नियमानं तो पुढच्या परिच्छेदातही लागू होत राहतो. २०१८ पर्यंत टायडी नावाचा प्रोग्राम अशा बऱ्याच चुका सावरून घ्यायचा. त्याच्या जागी एचटीएमएल ५ चे नियम पाळणारा रेमेक्स हा प्रोग्राम आला, आणि दोन-तीन टॅग उघडे राहिले तर अक्षरं आणखी आणखी बारीक व्हायला लागली.

माझं म्हणणं, ठळक, तिरकं, बारीक हे सगळं परिच्छेद संपताच बंद व्हावं. विकींसाठी केलेल्या क्रिओल या सामाईक लेखनपद्धतीनं २००७ मध्येच हा नियम धरला होता. कुणाला चार परिच्छेद एकदम बारीक करायचे असतील तर त्यासाठी अनेक परिच्छेदांना एकत्र वेढणारा डिव्ह टॅग आहेच. मार्कडाउन या दुसऱ्या लेखनपद्धतीत ठळक-तिरक्यासाठी तारे (*) वापरतात, आणि जोडी न मिळालेले तारे जसेच्या तसे दिसतात. लिहिणाऱ्याला ते सोयीचं आहे, हे मान्य. पण लेख वाचायला आलेल्या माणसापुढं चिन्हांचा कचरा कशाला?

मराठीत तर आणखी एक घोळ आहे. दुहेरी अवतरणासाठी एकेरी चिन्ह दोनदा दाबायची सवय कितीतरी जणांना आहे. विकीला ती तिरप्या अक्षरांची खूण वाटते. सुरुवात अशी केली आणि शेवटी खरं दुहेरी चिन्ह दाबलं, की तिथून पुढं ओळभर अक्षरं तिरपी. देवनागरी तिरपी वाचायला डोळ्यांना त्रास होतो. ओळीचा बांध आहे म्हणून निभावतं.

अशा चुकांची यादी करणारं लिंटर विकीत आहे, पण ती यादी नव्या पोराला कुठं सापडणार? जतन करण्याआधी झलक पाहतानाच त्या ओळीशेजारी ‘इथला टॅग बंद केलेला नाही’ एवढं मराठीत दिसायला हवं.