मास्तर विघ्नसंतोषी कधीपासून झाले?

आज ग्रामसभेत आमच्या मास्तरांना माईकवरून 'विघ्नसंतोषी' म्हटलं गेलं. तेव्हापासून डोकं ठणकतंय.

मास्तरांनी विचारलं एवढंच, की वरच्या वाड्यावर डोंगर कापताहेत त्याला गोव्याच्या नगर नियोजन कायद्याच्या 17अ कलमाखाली परवानगी आहे का? असली तर दाखवा. सोबत झरीचं पाणी आणलं होतं बिसलेरीच्या बाटलीत, लालभडक. ती बाटली त्यांनी टेबलावर ठेवली. पंचांनी ती रजिस्टरनेच बाजूला सारली आणि म्हणाले, "मास्तरांक सगळ्यांतूच खोड दिसता. असल्या विघ्नसंतोषी लोकांक लागून गांव फुडें वचना." म्हणजे असल्यांमुळेच गाव पुढे जात नाही!

आणि लोक हसले. पंचांचं सोडा, हसणाऱ्यांत आमच्या नाटक मंडळाची पोरं होती!

अरे, जत्रेच्या नाटकाच्या तालमीला ह्याच मास्तरांना स्कूटरवर बसवून कोण आणतं? मागच्या बाकावर बसून ते एकेकाची सालं काढतात. "संवाद पाठ आहे, अर्थ कुठे ठेवून आलास?" "तलवार धरलीय की केरसुणी?" तेव्हा ते 'जाणकार'. तेव्हा ते 'परखड'. स्पर्धेत बक्षीस मिळालं की 'आमचे मार्गदर्शक'. तोंड तेच, खोड तीच. केरसुणीवरून डोंगरावर आले की लगेच विघ्नसंतोषी?

गोव्याला हे नवीन नाही म्हणा. केरीच्या पठारावर नायलॉन 6,6 चा कारखाना येणार होता तेव्हा विरोध करणारे 'विकासविरोधी' होते. 1995 मध्ये पोलिसांच्या गोळीने एक तरुण जिवानिशी गेला. कारखाना शेवटी तामिळनाडूत गेला. 2007 मध्ये सरकारला जमीन वापराचा 'प्रादेशिक आराखडा 2011' रद्द करावा लागला, तो काय टाळ्या वाजवणाऱ्यांमुळे? आता तर 'एनजीओवाले' हीच शिवी झालीय. एकदा शिवी हासडली की उत्तर द्यायची गरजच उरत नाही. आज तेच झालं. परवानगीचा विषय तिथेच संपला आणि सभा पथदिव्यांवर गेली.

मान्य, आरटीआय टाकून नंतर पाकीट घेऊन गप्प बसणारेही आहेत. आमच्याच गावात आहेत. पण मास्तर त्यातले नव्हेत, हे पंचांनाही पक्कं ठाऊक आहे.

आणि हो, 'निंदकाचे घर असावे शेजारी' हे शाळेच्या स्नेहसंमेलनात दरवर्षी ऐकवणारे हेच लोक. शेजारी असावा, ग्रामसभेत नसावा!

संध्याकाळी मास्तरांकडे गेलो. सोप्यावर बसून पेपरातल्या शुद्धलेखनाच्या चुकांवर लाल पेनाने गोल काढत होते. वाईट वाटलं का, विचारलं. म्हणाले, "त्याने 'संतोशी' म्हटलं रे, 'ष' म्हणता येत नाही त्याला. चौथीपासून सांगतोय." हसावं की रडावं कळेना. पंच त्यांचाच विद्यार्थी, हे सांगायचं राहिलं.

मंडळाच्या पोरांनो, यंदा तालमीला त्यांना बोलवायला तुम्हीच जा. मी येणार नाही मध्यस्थीला.

पंचसाहेब, तुम्ही हे वाचणार हे मला माहीत आहे. मला खवचट म्हणा, कुचकट म्हणा, निगेटिव्ह म्हणा, सगळं चालेल. फक्त त्याच कमेंटमध्ये परवानगीचा क्रमांक आणि तारीख टाका.