गोष्ट आहे की सूचनांची यादी?

नुकत्याच वाचलेल्या एका लेखात सोशल स्टोरीचं, म्हणजे ऑटिस्टिक मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या छोट्या गोष्टीचं, वर्णन 'मुलाला चांगलं वागायला शिकवणारी छोटी गोष्ट' असं केलंय. ते मला पटलं नाही. कॅरल ग्रे या अमेरिकन शिक्षिकेने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ही पद्धत मांडली, ती भोवती काय चाललंय आणि का, हे ऑटिस्टिक मुलाला कळावं म्हणून. त्यांच्या निकषांनुसार वर्णनाची वाक्यं सूचनांच्या किमान दुप्पट हवीत. प्रत्यक्षात मात्र 'मी ओरडणार नाही, मी रांगेत उभा राहीन' अशी नुसती यादी हातात ठेवली जाते.

समजा, शाळेत आगीच्या सरावाची घंटा वाजणार आहे. 'कधी कधी अचानक मोठी घंटा वाजते. आग लागली तर बाहेर कसं पडायचं, याचा तो सराव असतो. काही मुलांना आवाजाचा फार त्रास होतो. मी कानांवर हात ठेवू शकतो. मग बाई आम्हाला परत वर्गात नेतात.' यात सूचना म्हणावी असं वाक्य एकच, आणि तेही मुलाच्या सोयीचं. वेळ नक्की नसेल तर 'कधी कधी' लिहायलाच हवं, कारण बरीच मुलं शब्द जसाच्या तसा धरतात.

आणि कृपा करून ही गोष्ट मूल शांत असताना वाचा. रडारड झाल्यावर लगेच समोर धरली, तर त्याला ती शिक्षाच वाटते. ग्रे तर म्हणतात, निम्म्या गोष्टी मुलाला आधीच जे जमतंय त्याच्या कौतुकाच्या असाव्यात. लेखात त्याचा उल्लेखही नाही!