मशीन बिघडलेलं नव्हतं ताई, आणि किटचे 250 रुपये का घेतो तेही सांगतो

नमस्कार ताई,

रिव्ह्यू वाचला. बाळाची छाती घरघरत असताना रात्री मशीनमधून वाफ येईना आणि आमचा फोन पण लागला नाही, तुम्हाला त्रास झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की आम्ही बिघडलेलं नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ करून श्वासातून देणारं मशीन, भाड्यानं देतो आणि वर वापरलेल्या मास्कचे 250 रुपये डिपॉझिटमधून कापून लुटतो, हे वाचून फार लागलं मनाला, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी ते 250 रुपये. भाडं असतं फक्त मशीनचं, म्हणजे तो कॉम्प्रेसर, तो नुसती हवा ढकलतो. औषध ज्यात टाकतो तो कप, नळी आणि मास्क मिळून किट होतं, ते प्रत्येक पेशंटला नवीन, सीलबंद पाकिटातलं देतो, तुमचं पण पाकीट काउंटरवरच फोडलं होतं. मास्क तोंडाला लावून बाळ त्यात दहा-दहा मिनिटं श्वास घेतं, खोकतं, शिंकतं, लाळ गाळतं. ते किट धुवून पुन्हा पाकिटात घालून पुढच्याला द्यायचं म्हटलं तर आम्हाला फायदाच आहे की, पण उद्या तुमच्याच बाळाच्या तोंडाला कुणा खोकल्याच्या पेशंटचा मास्क लागला असता तर चाललं असतं का तुम्हाला? म्हणून किट परत घेत नाही, कुणाचंच नाही, ओळखीतल्या डॉक्टरांच्या घरचं सुद्धा घेत नाही. पावतीवर तसं छापलंय आणि मशीन न्यायला तुमचे मिस्टर आले होते त्यांना तोंडी पण सांगितलं होतं, घरी सांगायचं राहून गेलं असेल गडबडीत. आणि त्यांनी नेताना किटचे पैसे वेगळे दिले नव्हते, डिपॉझिटमधून वळते करा म्हणाले, म्हणून ते कापलेले दिसतात. याला लुटणं म्हणतात का ताई?

आता वाफेचं. मशीन परत आणलंत तेव्हा मी तुमच्यासमोरच दुसरं किट लावून सलाईन टाकून चालू केलं, लगेच भसाभसा धुकं आलं, तुम्ही पण बघितलंत. तुमच्या कपाच्या आत जे बारीक छिद्र असतं त्यावर चिकट तेलकट थर बसला होता आणि कापूर-निलगिरीचा वास येत होता. सर्दीला गरम पाण्यात फोडून टाकतो ती कॅप्सूल कुणीतरी त्यात टाकली होती. मुद्दाम कोण करत नाही, काळजीपोटीच होतं हे, पण बाकीच्यांनी पण वाचा म्हणून लिहितो, नेब्युलायझरमध्ये तेलाचा थेंबही घालू नका. औषधाचे कण 1 ते 5 मायक्रॉन इतके बारीक होऊन थेट फुप्फुसात खोलवर जातात, तिथं तेल गेलं तर न्यूमोनिया होऊ शकतो. नळाचं पाणी पण नाही. डॉक्टरांनी लिहिलेली रेस्प्यूल, म्हणजे औषधाची छोटी प्लास्टिकची कुपी, आणि त्यांनी सांगितलं तरच नॉर्मल सलाईन. वापर झाला की कप आणि मास्क कोमट पाण्यानं धुवून उघड्यावर सुकवायचे, नळी धुवायची नाही, आत पाणी राहतं. स्टिरॉइडचं औषध असेल तर बाळाचं तोंड पण पुसून घ्यायचं. आणि रात्री धाप वाढली, बरगड्या आत ओढायला लागल्या, ओठ निळसर दिसले तर कृपा करून दुकानाला फोन लावत बसू नका, 108 ला फोन करा नाहीतर सरळ दवाखाना गाठा, मशीन नंतर बघू.

ताई, मिरजेत दवाखान्यांमुळे आमच्यासारखी दुकानं भरपूर आहेत. जत, अथणी, कागवाडहून लोक येतात ते आधी मोबाईलवर स्टार बघूनच पायरी चढतात. थंडी पडली, शेतात पाचट पेटवायला लागले की दम्याचे पेशंट वाढतात, तेवढेच चार पैसे सुटायचे दिवस, आणि नेमकं आत्ता सगळ्यात वर तुमचा रिव्ह्यू दिसतोय. ऑनलाईन स्वस्तात मशीन मिळत असताना माणसं आमच्याकडे येतात ती विश्वासावर, दुसरं आमच्याजवळ काय आहे?

रात्रीच्या फोनचं काहीतरी बघतोय, दुकान नऊला बंद होतं पण एक वेगळा नंबर ठेवायचा विचार आहे, आणि मशीन कसं चालवायचं ते यापुढे घरी जे वापरणार त्यांनाच दाखवू, ते नसतील तर व्हिडिओ तरी पाठवू. किटचे पैसे मात्र परत देता येणार नाहीत, तुम्हाला दिले की सगळ्यांना द्यावे लागतील. बाळाला डॉक्टरांनी पुन्हा सांगितलं तर या, पहिल्या आठवड्याचं भाडं घेणार नाही. स्टार कितीही द्या, तो तुमचा हक्क आहे, फक्त ते ‘बिघडलेलं मशीन’ आणि ‘लुटतात’ एवढं काढा ही हात जोडून विनंती.