‘साफ केल्यावर आरपीएम चढले’ या प्रतिक्रियेला उत्तर

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) खोलायचा खटाटोप उगाच आहे, एअर पाइप काढून चालू इंजिनावर कार्ब क्लीनर (कार्ब्युरेटर साफ करायचा फवारा) मारला की पाच मिनिटांत काम होतं. थ्रॉटल बॉडी सफाईच्या लेखात दिल्याप्रमाणे सगळं करूनही गाडी आयडलला (पेडल न दाबता इंजिन चालू असताना) १५०० आरपीएमवर अडकली, चेक इंजिनचा दिवा लागला. म्हणून चालत्या गाडीला हातच लावू नये.

आधी १५०० चं बघू, कारण गाडी अजून तशीच असणार.

आरपीएम चढले म्हणजे थ्रॉटल बिघडलाच असं नाही. बहुतेकदा ती सफाई नीट झाल्याची खूण असते. झडपेच्या कडेला काजळी साचत गेली की फटीतून जाणारी हवा कमी होते. आयडल पडू नये म्हणून ईसीएम, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, झडप हळूहळू जास्त उघडत जातो आणि ते माप लक्षात ठेवतो. तुम्ही काजळी काढलीत, पण त्याच्या लेखी ती अजून तिथेच आहे. जुन्या मापाने झडप उघडतोय, हवा जास्त जातेय, आरपीएम चढतात.

स्कॅनर लावून बिघाडाचा कोड वाचा. नुसता पी०५०७ असेल, म्हणजे आयडल अपेक्षेपेक्षा वर, तर रीलर्न, म्हणजे ईसीएमला झडपेचं नवं माप शिकवणं, बाकी आहे असं धरून चाला. सोबत पी०१७१ असेल तर न मोजलेली हवा कुठून तरी आत शिरतेय: गॅस्केट (जोडातलं सील) जागेवरून सरकलं, पाइपची क्लिप ढिली राहिली किंवा पीसीव्हीची (इंजिनातली तेलकट वाफ परत आत ओढणाऱ्या यंत्रणेची) नळी जोडायची राहून गेली. अशा वेळी शंभरदा रीलर्न केलंत तरी उपयोग नाही. पी२१३५ आला तर झडपेच्या पोझिशन सेन्सरचे दोन सिग्नल जुळत नाहीयेत. कनेक्टर पूर्ण बसलाय का आणि आत क्लीनर गेलाय का ते आधी बघा.

रीलर्नची पद्धत गाडीगणिक वेगळी, त्यामुळे मॅन्युअलचं ऐका. बऱ्याच गाड्यांना इतकं पुरतं: इंजिन पूर्ण गरम करा, एसी, दिवे, पंखा सगळं बंद. इंजिन बंद करून चावी ऑन करा, ३० सेकंद थांबा, ऑफ करा. मग स्टार्ट करून १० मिनिटं ॲक्सिलरेटरला पाय न लावता आयडलला ठेवा, पुढची पाच मिनिटं एसी लावून. निस्सान किंवा फोक्सवॅगनच्या अनेक गाड्यांत मात्र ठरलेली प्रक्रिया चालवावी लागते आणि ती स्कॅनरवरूनच सोपी जाते. नुसती बॅटरी काढून जोडल्याने ईसीएम जुनं विसरेलही, पण नवं शिकायचं बाकीच राहतं.

आता पाच मिनिटांचा फवारा. काजळीचा जाड थर बहुधा झडपेच्या मागच्या, इंजिनाकडच्या बाजूला असतो, कारण पीसीव्हीची तेलकट वाफ आणि ईजीआरचा (एक्झॉस्टचा काही भाग परत इंजिनात सोडणाऱ्या यंत्रणेचा) धूर तिकडूनच येतो. पुढून मारलेला फवारा दर्शनी बाजू चकचकीत करतो, मागचा थर तसाच. एअर फ्लो सेन्सरच्या गाडीत पाइप काढला की हवेचं मोजमापच तुटतं आणि इंजिन अडखळतं किंवा बंद पडतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये तर पातळ द्रव शाफ्टच्या कडेने मोटर आणि सेन्सरपर्यंत झिरपतो.

कार्ब क्लीनरला विरोध आहे तो कोटिंगमुळे. काही थ्रॉटल बॉडींत झडप जिथे टेकते तिथे कंपनीतूनच गडद रंगाचा पातळ लेप येतो. तो काजळी समजून घासून काढला की फट कायमची वाढते आणि आयडल पुन्हा जागेवर येणं अवघड होतं. ओळखायचं कसं? थ्रॉटल बॉडी क्लीनरने भिजवलेलं मऊ कापड फिरवा. काजळी कापडावर काळी उतरते, मूळ लेप एकसारख्या मंद पट्ट्यासारखा जागेवरच राहतो. तिथे थांबायचं. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर या कामात नकोतच.

खोलणं दर वेळी लागतंच असं नाही. झडप उघडून कापड मागच्या बाजूपर्यंत पोहोचत असेल आणि थर पातळ असेल तर जागेवर पुसलंत तरी चालेल. मात्र फवारा कापडावर मारा, थ्रॉटलवर नाही. अर्धा डबाही संपत नाही. झडप हाताने उघडायची तर बॅटरीची निगेटिव्ह काढून, हळूच. सोडतानाही हळूच, कारण आतले गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचे असतात. चावी ऑन असताना बोट आत घालू नका, मोटर झडप जोरात मिटवते. वीज तोडल्यावर झडप किंचित उघडी दिसते, ती स्प्रिंगची ठरलेली जागा आहे. दाबून बंद करायला जाऊ नका.

खोलायचंच असेल तर इंजिन थंड हवं, कारण काही गाड्यांत थ्रॉटलमधून कूलंटच्या नळ्या जातात. बसवताना गॅस्केट चपटं किंवा कडक झालेलं असेल तर नवं घाला. बोल्ट तिरपे-तिरपे आवळा. एम६ बोल्टला साधारण ८ ते १० न्यूटन मीटर असतात, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये मिळेल. मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असेल तर जोर लावलात की आटे गेलेच म्हणून समजा.

‘हात लावू नये’ यात मात्र तथ्य आहे. आयडल खाली-वर होत नसेल, गाडी थांबताना बंद पडत नसेल, पेडल दाबताना सुरुवातीला अडकून झटका बसत नसेल, तर ठरावीक किलोमीटरला साफ करायची काहीच गरज नाही. आणि साफ केल्यावर थोड्याच दिवसांत पुन्हा ओलसर तेलकट थर आला तर थ्रॉटलला दोष देऊ नका. पीसीव्ही व्हॉल्व्ह आणि डिपस्टिकवरची तेलाची पातळी तपासा.

कोड काय आला ते खाली लिहा. थ्रॉटल केबलचा आहे की इलेक्ट्रॉनिक तेही सांगा, कारण केबलवाल्या बहुतेक गाड्यांत आयडलची हवा वेगळ्या आयएसी (आयडलची हवा सांभाळणाऱ्या) व्हॉल्व्हमधून जाते आणि १५०० चं कारण तोच अडकलेला व्हॉल्व्ह असू शकतो.