‘न्यूट्रल टाका, चाळीसचं ॲव्हरेज मिळवा’ म्हणे!

‘शोरूमवाले हे तुम्हाला कधीच सांगणार नाहीत’ अशी सुरुवात असलेला एक फॉरवर्ड सध्या फिरतोय. हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि बॅटरीवरची मोटर दोन्ही असलेल्या गाडीतून लिटरला ४० किलोमीटर काढायच्या सात युक्त्या. खाली पुरावा म्हणून मीटरचा फोटो. कॉलनीच्या ग्रुपवर आला तेव्हा मी तो बघून सोडून दिला होता. पण परवा मामींचा फोन आला. "अरे, साताऱ्याहून येताना हे कात्रजच्या उतारावर गाडी न्यूट्रलला टाकतात. मी काही बोलले की मोबाइल पुढे करतात. तूच सांग बाबा तुझ्या मामांना." आता गप्प बसणं शक्य नाही.

पहिलीच युक्ती अशी: ‘उतारावर गाडी एनमध्ये (न्यूट्रलला) टाका. इंजिन बंद होईल, पेट्रोल शून्य लागेल आणि मोकळ्या फिरणाऱ्या चाकांनी बॅटरी फुल चार्ज होईल.’

मोकळी फिरणारी चाकं वीज कशी तयार करणार? लहानपणी सायकलला डायनामो असायचा. तो चाकाला टेकवला की दिवा लागायचा आणि पायडल जड व्हायचं. वीज हवी तर चाकावर ओझं यायलाच हवं. हायब्रिडमध्ये हेच काम मोटर करते. गाडी डीमध्ये (ड्राइव्ह, म्हणजे नेहमीच्या पुढे जायच्या गिअरमध्ये) असताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की इंजिनचं पेट्रोल आपोआप तुटतं, चाकं मोटरला फिरवतात आणि ती जनरेटर होऊन बॅटरीत वीज भरते. ब्रेकला हलका पाय लावला की आणखी भरते. म्हणजे फॉरवर्डवाल्याला जे हवंय ते सगळं डीमध्ये फुकट चालू असतं. एनमध्ये टाकलंत की मोटरचं वीज बनवणं बंद. टोयोटाच्या हायब्रिड गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे स्पष्ट छापलेलं आहे: एनमध्ये हायब्रिड बॅटरी चार्ज होत नाही. हे पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये, पीयूसीच्या कागदाखाली पडलेलं असतं. ज्यांनी गाडी बनवली त्यांचं न वाचता, ज्याचं नावही माहीत नाही त्याचं ऐकायचं, हे काही मला कळत नाही.

आणि ‘इंजिन बंद होईल’ याचीही खात्री नाही. एनमध्ये टाकताना ते चालू असेल तर तसंच घरघरत राहू शकतं, पेट्रोल खात. मग वाचलं काय?

पैशाचं सोडा. उतारावर मोटरचा अटकाव गेला की गाडी आवरण्याचं सगळं काम ब्रेक पॅडवर येतं. लांब उतारावर पॅड तापतात आणि तापलेले ब्रेक धरत नाहीत. मामा ज्या उतारावर हा प्रयोग करतात, तो कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा आहे. पुण्यातल्या माणसाला या पट्ट्याबद्दल वेगळं सांगायला नको. नोव्हेंबर २०२२ मध्ये याच उतारावर एका ट्रकने डझनावारी गाड्यांना धडक दिली. ड्रायव्हरने डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद केलं होतं, असं पोलिसांनी तेव्हा सांगितलं होतं. मामांची गाडी ट्रक नाही, तिचे ब्रेक चांगले आहेत, हे मान्य. पण पुढचा ट्रक अचानक थांबला तर काय करायचं, हे कुठल्याच फॉरवर्डमध्ये लिहिलेलं नसतं.

न्यूट्रलची ही सवय आली कुठून, तेही सांगतो. फियाट आणि अँबॅसॅडरच्या कार्ब्युरेटरच्या जमान्यात उतारावर गिअर काढला की थोडं पेट्रोल वाचायचं, यात तथ्य होतं. फ्युएल इंजेक्शन आल्यावर हिशेब उलटला. आजची साधी पेट्रोल गाडीसुद्धा गिअरमध्ये उतरताना पाय काढला की इंजेक्टर, म्हणजे पेट्रोलचा पुरवठा, बंद करते आणि न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगपुरतं पेट्रोल जाळत राहते. ज्येष्ठांच्या हाताला जुनी सवय आहे, त्यांना मी दोष देत नाही. पण तीच सवय ‘गुप्त युक्ती’ म्हणून विकणाऱ्याला देतो.

दुसरी युक्ती: ‘ईव्ही बटण कायम दाबून ठेवा, शहरात पेट्रोल लागणारच नाही.’ हे बटण गाडी फक्त बॅटरीवर चालवायचं. टोयोटा हायरायडर किंवा मारुती ग्रँड व्हिटाराच्या स्ट्राँग हायब्रिडमधली (यात मोटर एकटीही गाडी ओढू शकते) बॅटरी एका युनिटपेक्षाही लहान आहे, ०.७६ किलोवॉट-तास. घरचा गिझर तासभर चालला तर यापेक्षा जास्त वीज खातो. त्यातही गाडी बॅटरी पूर्ण रिकामी होऊ देत नाही. जबरदस्तीने ईव्हीवर चालवलंत तर थोड्याच अंतरात बटण आपोआप सुटेल आणि इंजिन सुरू होऊन ती बॅटरी पुन्हा भरत बसेल. या गाड्यांना चार्जिंगची वायर नसते. बॅटरीतली प्रत्येक कणभर वीज शेवटी तुम्ही भरलेल्या पेट्रोलमधूनच आलेली असते, थेट इंजिनमधून किंवा ब्रेक लावताना परत मिळवलेली. पेट्रोलची वीज, विजेची पुन्हा गती, या प्रत्येक पायरीवर थोडी गळती होतेच. इंजिन कधी लावायचं आणि मोटर कधी, हा हिशेब कॉम्प्युटर सतत करत असतो आणि तो आपल्यापेक्षा बरा करतो. रात्री उशिरा बेसमेंटमध्ये आवाज न करता गाडी लावायची असेल तर बटण जरूर दाबा. त्यासाठी ते छान आहे.

शिवाय फॉरवर्डमध्ये ‘सर्व हायब्रिड गाड्यांसाठी’ असं ठसठशीत लिहिलंय. मारुतीच्या ‘स्मार्ट हायब्रिड’ गाड्यांत मोटर इंजिनला फक्त हातभार लावते, एकटी गाडी ओढत नाही. त्यात ईव्ही बटणच नाही. माझ्या एका मित्राने ते अर्धा तास शोधलं.

तिसरं, ‘गिअर कायम बीमध्ये ठेवा, जास्त चार्जिंग.’ हे अर्धसत्य आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. बी म्हणजे पाय काढल्यावर गाडीला जास्त अटकाव करणारा गिअर, आणि लांब घाट उतरताना तो खरंच कामाचा आहे. बॅटरी भरली की तिच्यात आणखी वीज मावत नाही. तेव्हा बीमध्ये इंजिनचा अटकाव वापरला जातो आणि ब्रेकवरचा ताण कमी होतो. मामांनी कात्रजला हात लावायचाच असेल तर एनऐवजी बीला लावावा. पण सपाट रस्त्यावर कायम बी म्हणजे गाडीला पुढे सरकू द्यायच्या वेळी उगाच मागे ओढणं. नेहमीच्या चालवण्याला डी, एवढं पुरे.

चौथी एसीची. ‘एसी पूर्ण बंद, काचा खाली.’ इथे मला नाइलाजाने थोडं मान्य करावं लागतं. स्ट्राँग हायब्रिडचा एसी कॉम्प्रेसर विजेवर चालतो, त्यामुळे सिग्नलला इंजिन बंद असतानाही गारवा मिळतो. पण ती वीज बॅटरीतूनच जाते, आणि मे महिन्यात सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये १८ डिग्रीवर एसी लावून बसलात तर इंजिन वरचेवर सुरू होणारच. २५-२६ वर ठेवा, फरक दिसेल. पूर्ण बंद मात्र करू नका. बऱ्याच टोयोटा हायब्रिडमध्ये बॅटरी केबिनच्या हवेनेच थंड होते. तिची जाळी मागच्या सीटजवळ असते. केबिन भट्टी झाली की बॅटरीही तापते, मग गाडी तिच्याकडून कमी काम घेते आणि भार इंजिनवर टाकते. त्या जाळीसमोर पिशव्या, उशा, भाजीची टोपली ठेवू नका आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ती साफ करायला सांगा. हायवेवर काचा खाली केल्या तर वाऱ्याचा अडथळा वाढतो, तेव्हा तिथे ती युक्ती तशीही फसते.

बाकीच्या तिन्हींवर फार वेळ घालवत नाही. ‘पहाटे पेट्रोल भरा, थंड पेट्रोल जास्त मिळतं’: पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिथलं तापमान दिवसभरात जेमतेम हलतं. एक डिग्रीचा फरक पडला तरी ४० लिटरमागे साधारण ४० मिलिलिटर. झोप मोडू नका. ‘टायरमध्ये ४५ ची हवा भरा’: ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर आकडा छापलाय, तो पाळा. हवा कमी असेल तर ॲव्हरेज पडतं हे खरं, पण टम्म फुगवलेला टायर पावसात नीट पकड घेत नाही. ‘सकाळी १० मिनिटं गाडी गरम करा’: म्हणजे १० मिनिटं पेट्रोल जाळून शून्य किलोमीटर. असं करून ॲव्हरेज वाढतं कसं, ते त्यालाच विचारा.

खरं ॲव्हरेज ब्रेकच्या पायात आहे. सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढायचा, मग हलका, लांबवर ब्रेक. असा ब्रेक मोटर सांभाळते आणि ती वीज परत मिळते. शेवटच्या क्षणी कचकन दाबलात तर काम पॅडवर जातं आणि सगळी उष्णता होऊन उडते. ॲक्सिलरेटरचं म्हणाल तर मुंगीच्या पावलाने वेग वाढवण्यातही अर्थ नाही. बेताने वेग घ्या आणि मग पाय ढिला करा, इंजिन आपणहून बंद होतं.

मामांचं ॲव्हरेज कमी येतं त्याचं कारण वेगळंच आहे. सकाळी दूध, मग मंडई, मग बँक, प्रत्येक फेरी दीड-दोन किलोमीटरची. थंड इंजिन सुरुवातीची काही मिनिटं स्वतःला आणि धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला गरम करायला चालतं आणि ते गरम होईपर्यंत मामा पोचलेले असतात. तिन्ही कामं एका फेरीत करा, किंवा दुधाला चालत जा.

आणि तो मीटरचा फोटो. हायरायडरचा एआरएआयचा (गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा) आकडा लिटरला २७.९७ किलोमीटर आहे, तोही प्रयोगशाळेतल्या रोलरवरचा. मग ४० कुठून आलं? घाटमाथ्यावर ट्रिप मीटर शून्य करायचा, पायथ्याशी फोटो काढायचा. चढताना जाळलेलं पेट्रोल त्या फोटोत येतच नाही. खरं बघायचं असेल तर टाकी पहिल्या कटऑफपर्यंत फुल करा, किलोमीटर लिहून ठेवा, महिनाभर चालवा, त्याच पंपावर पुन्हा फुल करा आणि भागाकार करा. मामा, आकडा आला की मला पाठवा. फोटो नको, वहीतलं पान चालेल.